केळफूल : भाजी उत्तम, पण रक्त वाढवण्याचे औषध नव्हे

बाजारात पालेभाज्यांच्या शेजारी जांभळट तांबड्या रंगाची, टोकदार केळफुले मांडून ठेवलेली असतात. बहुतेक भगिनी त्यांच्याकडे एकदा पाहतात आणि पुढे जातात. कारण एकच. साफ करायला वेळ लागतो, हात काळे होतात, आणि एवढे करून भाजी कडू झाली तर घरात कोणी खात नाही. नव्या सुनांना तर त्यात काय टाकायचे आणि काय ठेवायचे हेच कोणी दाखवलेले नसते.

दुसरीकडे याच केळफुलाबद्दल एक भलताच समज घट्ट बसला आहे. "डॉक्टर, रक्त कमी आहे म्हणून आठवड्यातून दोनदा केळफूल खाते, गोळ्या बंद केल्या," असे सांगणाऱ्या स्त्रिया मला तपासणीच्या वेळी नेहमी भेटतात. केळफूल चिरताना हात काळे होतात, याचा अर्थ त्यात लोह ठासून भरलेले आहे, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. एका बाजूला चांगली भाजी कंटाळ्यापोटी ताटात येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या भरवशावर औषध सोडले जाते. आजच्या लेखात या दोन्ही गोष्टींचा विचार करू. प्रथम केळफूल कसे निवडावे, साफ करावे आणि रांधावे हे पाहू, आणि मग त्यातून शरीराला काय मिळते व काय मिळत नाही हे पाहू.

केळफूल म्हणजे नेमके काय?

केळ निसवते तेव्हा तिच्या शेंड्यातून एक मोठा कळा बाहेर पडतो. त्याची वरची पाने एकेक करून उलगडतात आणि प्रत्येक पानाखाली फुलांची एक ओळ दिसते. सुरुवातीच्या ओळींतील फुले मादी असतात, त्यांच्याच पुढे फण्या होतात. त्यानंतर येणारी फुले नर असतात. त्यांना फळ धरत नाही. घडाच्या खाली दांड्याच्या टोकाशी लोंबत राहणारा हा नर फुलांचा कळा म्हणजे आपले केळफूल. काही भागांत त्याला केळीचे कमळही म्हणतात.

शेवटची फणी बाहेर पडल्यावर हे फूल कापून टाकावे, असे शेतकऱ्यांना सांगितले जाते. त्यामुळे झाडाची ताकद फळे भरण्याकडे जाते. म्हणजे केळफूल काढल्याने घडाचे नुकसान होत नाही, उलट झाला तर फायदाच होतो. ज्यांच्या परसात दोन-चार केळी आहेत त्यांना ही भाजी फुकट मिळते. जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात तर बागाच्या बागा निसवतात आणि कापलेल्या फुलांतील पुष्कळशी बांधावर पडून कुजतात. बंगालमध्ये याच फुलाला मोचा म्हणतात आणि तिथे ती मानाची भाजी आहे. केरळात त्याची नारळ घालून भाजी होते, तमिळनाडूत डाळीबरोबर वाटून वडे होतात. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात ते आवडीने खाल्ले जाते, पण घाटावर अनेक घरांत ते कधी शिजलेलेच नसते.

विकत घेताना

केळफूल हातात घेऊन पाहावे. आकाराच्या मानाने जड लागले पाहिजे. पाने एकमेकांवर घट्ट मिटलेली असावीत आणि वरच्या पानाला तुकतुकी असावी. देठाकडचा कापलेला भाग पाहावा. तो थोडा काळवंडलेला असतोच, पण सुकून आक्रसलेला किंवा बुळबुळीत नसावा. वरची पाने सुटलेली, कडा वाळलेल्या आणि दाबल्यावर मऊ लागणारे फूल शिळे समजावे. असे फूल साफ करताना निम्मे टाकावे लागते आणि उरलेले जून लागते.

फार मोठे फूल घेण्याचा मोह टाळावा. मध्यम आकाराचे, साधारण अर्धा किलो वजनाचे फूल चार माणसांच्या घराला पुरते. वरची जून पाने आणि फुलांतील टाकाऊ भाग गेल्यावर बराच भाग कमी होतो, हे लक्षात घेऊन भाव करावा.

जात कोणती आहे हेही विचारावे. माझा अनुभव असा की परसातील गावठी केळीचे फूल कमी कडू असते. बसराई, ग्रँड नैन यांसारख्या बागायती जातींचे फूल जास्त तुरट व कडवट लागते. ते खाता येत नाही असे नाही, फक्त त्याला जास्त भिजवावे आणि एकदा उकडून पाणी टाकावे लागते.

आता एक महत्त्वाची सूचना. केळीच्या सालीवर खरड पाडणारी फुलकिडे नावाची बारीक कीड असते. तिच्या बंदोबस्तासाठी काही बागांत, कळा बाहेर पडताच त्यात कीटकनाशकाचे इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. अशा घडाखालचे फूल कोणीही खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. धुऊन किंवा उकडून आत गेलेले औषध निघून जाईल याचा भरवसा नाही. ज्यांची स्वतःची बाग आहे त्यांनी हे घरातील बायकांना आणि मजुरांना स्पष्ट सांगावे. फुकट मिळाले म्हणून मजूर बाया फुले घरी नेतात आणि त्यांना या इंजेक्शनची कल्पना नसते. विकत घेणाऱ्यांनी ओळखीच्या माळणीकडून, परसातील केळीचे फूल मिळाले तर ते घ्यावे.

आणलेले फूल वरची पाने न काढता ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते. साफ मात्र करायच्या दिवशीच किंवा आदल्या रात्री करावे.

साफ करण्याची रीत

एका पातेल्यात चार-पाच भांडी पाणी घ्यावे. त्यात एक वाटी ताक आणि चमचाभर मीठ घालावे. ताक नसेल तर दोन लिंबांचा रस किंवा चिंचेचा कोळ चालतो. हाताला आणि विळीच्या पात्याला गोडे तेल चोळावे. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे, कारण याचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही.

१. वरचे एकेक तांबडे पान उचलावे. त्याखाली फिकट पिवळ्या फुलांची ओळ असते, ती सबंध खुडून घ्यावी. जाड तांबडे पान टाकून द्यावे.

२. प्रत्येक फुलात दोन गोष्टी टाकायच्या असतात. एक म्हणजे मधली ताठ काडी, जिचे टोक टाचणीच्या डोक्यासारखे गोल आणि चिकट असते. दुसरी म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेला आखूड, काचेसारखा पारदर्शक पापुद्रा. या दोन्ही कितीही शिजवल्या तरी मऊ होत नाहीत. काडी घशात टोचते, पापुद्रा दातात येतो. लहान मुले आणि कवळी लावणारी वडील माणसे घरात असतील तर या कामात आळस करू नये.

३. सगळी फुले एका हातात जुळवून धरावीत आणि त्यांची तोंडे तळहातावर हलकेच घासावीत, म्हणजे फुले उमलतात आणि काड्या वर येतात. मग त्या एकदम चिमटीत धरून ओढता येतात. ही युक्ती हाताला बसली की अर्धा वेळ वाचतो.

४. आत जाल तसतशी पाने फिकट होतात आणि फुले लहान होतात. शेवटी पांढरट, शंकूसारखा कोवळा गाभा उरतो. या गाभ्यातील काड्या काढण्याची गरज नाही, तो सबंधच बारीक चिरावा. भाजीचा सगळ्यात चवदार भाग हाच असतो.

५. चिरलेले प्रत्येक मूठभर लगेच ताकाच्या पाण्यात टाकावे. सगळे झाले की वर एक ताटली दाबून ठेवावी, म्हणजे वरचा भाग उघडा पडून काळा होत नाही.

गावठी फूल असेल तर अर्धा ते एक तास भिजणे पुरे. कडू जातीचे असेल तर रात्रभर भिजवावे. उन्हाळ्यात रात्रभर ठेवायचे असल्यास पातेले फ्रीजमध्ये किंवा निदान थंड जागी ठेवावे. नंतर चाळणीवर उपसून, हाताने घट्ट पिळून घ्यावे.

हात काळे का होतात?

या प्रश्नावर थोडे थांबू, कारण सगळ्या गैरसमजाचे मूळ इथे आहे.

केळफुलात तुरटपणा आणणारी द्रव्ये असतात. त्यांना टॅनिन वर्गातील द्रव्ये म्हणतात. शिवाय त्यात एक विकरही असते. आपण फूल चिरतो तेव्हा पेशी फुटतात, ही द्रव्ये आणि विकर एकत्र येतात, त्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो आणि तपकिरी-काळा रंग तयार होतो. वांगे, कच्चे केळे किंवा सफरचंद चिरून ठेवल्यावर काळे पडते, तीच ही क्रिया. आंबट पाण्यात हे विकर मंदावते आणि पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून ताकाचे पाणी उपयोगी पडते. तेलामुळे चीक हाताला चिकटत नाही.

लोखंडी विळीवर चिरल्यास काळेपणा आणखी वाढतो. कारण टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई बनवत, ती याच तत्त्वावर. म्हणजे तुमच्या हाताचा काळेपणा म्हणजे फुलातील लोह बाहेर आले असे नव्हे. तो तुरट द्रव्यांचा रंग आहे आणि त्यात जे थोडे लोखंड असेल ते बहुतांशी तुमच्या विळीचे आहे!

भाजी करण्याची एक सोपी पद्धत

चार माणसांसाठी एक मध्यम केळफूल, अर्धी वाटी काळे हरभरे, दोन आमसुले, दोन मोठे चमचे तेल, तीन-चार चमचे ओले खोबरे, सुपारीएवढा गूळ, दोन सुक्या मिरच्या, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मीठ, कोथिंबीर आणि एक लिंबू घ्यावे.

हरभरे आदल्या रात्री भिजवून सकाळी मीठ घालून कुकरमध्ये मऊ शिजवावेत. पिळून घेतलेले केळफूल दीड-दोन वाट्या पाण्यात हळद व आमसुले घालून आठ-दहा मिनिटे उकडावे. एक फूल बोटाने दाबून पाहावे, सहज चेपले की झाले. फूल कडू जातीचे असेल तर हे पाणी काढून टाकावे. कडू नसेल तर पाणी कमीच घालून अंगचेच आटवावे, म्हणजे पाण्यात उतरलेले क्षार वाया जात नाहीत.

तेलाची फोडणी करून त्यात मिरच्या व कढीपत्ता घालावा. त्यावर केळफूल आणि हरभरे परतावेत. मीठ, गूळ घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ काढावी. उतरवताना खोबरे व कोथिंबीर घालावी. लिंबू मात्र शिजताना पिळू नये. ताटात वाढल्यावर पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते.

हरभऱ्याऐवजी भिजवून सोललेले कडवे वाल किंवा भिजवलेली चणाडाळ चालते. उरलेल्या भाजीत थोडे बेसन आणि तांदळाचे पीठ मळून तव्यावर लहान वड्या थापल्या तर मुले आवडीने खातात. भाजी स्टीलच्या किंवा पितळेच्या कल्हईच्या भांड्यात करावी. लोखंडी कढईत ती काळीकुट्ट होते.

ही भाजी ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर, सोबत ताक घेऊन खावी. केळफुलाला कष्ट फार म्हणून ती थोडीच होते, आणि मग आधी पुरुष माणसे, मग मुले, आणि जिने तासभर बसून काड्या काढल्या तिच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाचे चार घास. ज्या घरात रक्तक्षय आहे तिथे तो बहुतेक वेळा त्या शेवटी जेवणाऱ्या बाईलाच असतो. म्हणून माझे सांगणे असे की या भाजीचे, आणि मुख्यतः त्यातील हरभऱ्यांचे, वाटे आधी करावेत आणि मग ताटे वाढावीत.

शरीराला काय मिळते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांतील जुन्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम केळफुलात सुमारे ३४ उष्मांक, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि दीड मिलिग्रॅमच्या थोडे वर लोह असते. पोटॅशियम आणि तंतू बऱ्यापैकी असतात. स्निग्धांश नगण्य असतो.

याचा अर्थ असा की केळफुलाने पोट भरते, पण वजन वाढत नाही. तंतूंमुळे शौचाला साफ होते. मधुमेही माणसाच्या ताटात भात आणि पोळी थोडी कमी करून त्या जागी वाटीभर अशी भाजी आली तर जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक प्रौढ माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगितले आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या जेवणात बटाटा सोडला तर याच्या निम्म्यानेही भाजी नसते. तेव्हा केळफुलाला भाजी म्हणून पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

मग लोहाचे काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला रोजच्या आहारातून २९ मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रीला २७ मिलिग्रॅम लोह मिळायला हवे. वाटीभर केळफुलातून मिळते दीड मिलिग्रॅमच्या आसपास. तेही वनस्पतीतील लोह असल्याने त्यातील थोडाच भाग शरीरात शोषला जातो, आणि तुरट द्रव्ये त्या शोषणात आणखी अडथळा आणतात. सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह केळफुलातून मिळवायचे म्हटले तर रोज साडेतीन किलोच्या वर साफ केलेले केळफूल खावे लागेल. हा हिशेब प्रत्येक भगिनीने मनात पक्का ठेवावा.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, असल्याचे दिसून आले. म्हणजे दर दोन स्त्रियांमागे एकीहून अधिक. दम लागणे, पायऱ्या चढताना छाती धडधडणे, सतत थकवा, डोके हलके होणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, ही लक्षणे असली तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. गरोदर स्त्रीचे ७ ग्रॅमच्या खाली गेले तर तो गंभीर रक्तक्षय होय. तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. अशा स्त्रीला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवाला धोका होतो.

२०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस रोज एक लोह व फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या विनामूल्य मिळतात. रक्तक्षय झालेलाच असेल तर मात्रा वाढवावी लागते, ती डॉक्टरांनी ठरवावी.

गोळ्या का सोडल्या, असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. "शौचाला काळे होते" आणि "पोट साफ होत नाही." काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बद्धकोष्ठावर मात्र उपाय हवा, आणि केळफुलाचा खरा उपयोग इथे आहे. भरपूर पाणी आणि तंतू असलेल्या भाज्या खाल्ल्या तर गोळी सोसते. गोळी रक्त वाढवते आणि केळफुलासारखी भाजी ती गोळी चालू ठेवायला मदत करते. दोघांची कामे वेगळी आहेत.

गोळी घेताना तीन पथ्ये पाळावीत. ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकलावा, कारण चहातील टॅनिनही लोह अडवते.

पाळीच्या त्रासासाठी केळफूल

अंगावर जास्त जात असेल तर केळफूल शिजवून दह्याबरोबर खावे, असा उपाय आपल्या आज्या सांगत आल्या. दही-केळफूल खाण्यात अपाय काही नाही. पण त्यावर विसंबून महिनोन्महिने काढणे घातक आहे. पाळी सात दिवसांहून जास्त चालते, तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागते, मोठ्या गाठी पडतात, असे असेल तर गर्भाशयातील गाठ, थायरॉइडचा विकार किंवा अन्य कारण असू शकते. पाळी कायमची बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर तो कर्करोगाचा पहिला इशाराही असू शकतो. अशा वेळी त्याच आठवड्यात तपासणी करावी. नळ गळत असताना हंडा भरत बसण्यात अर्थ नसतो. आधी गळती कुठे आहे ते पाहावे लागते. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांना होणारे आकडीजंत हेही असेच गळतीचे एक कारण आहे. त्यावर जंताचे औषध घ्यावे लागते.

कोणी जपून खावे?

ज्यांची मूत्रपिंडे कमकुवत आहेत आणि ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी खाण्यास सांगितले आहे, त्यांनी विचारल्याशिवाय केळफूल खाऊ नये. मधुमेहासाठी केळफुलाची पूड, अर्क अशा वस्तू विकल्या जातात. औषधाच्या गोळ्या बंद करून त्या घ्याव्यात, इतका भक्कम पुरावा माणसांवरील अभ्यासातून मिळालेला नाही. केळे खाल्ल्यावर ज्यांच्या ओठांना खाज किंवा सूज येते त्यांनी केळफूलही टाळावे. वर्षाच्या आतील बाळाला तंतुमय भाजी देऊ नये. त्यापुढच्या मुलांना गाभ्याचा कोवळा भाग कुस्करून द्यावा.

थोडक्यात

फूल जड, घट्ट आणि तुकतुकीत पाहून घ्यावे. बागेतील असेल तर इंजेक्शन दिले होते का हे विचारावे. काडी आणि पापुद्रा न चुकता काढावा. चिरलेले फूल ताकाच्या पाण्यात बुडवून ठेवावे. भाजीत हरभरे किंवा वाल घालावेत, ताटात लिंबू पिळावे आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबवावा. आठवड्यातून एकदा घरातल्या सर्वांनी ही भाजी खावी. आणि ज्या भगिनीने केळफुलाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, तिने कपाटात ठेवलेली ती पाकिटे बाहेर काढावीत, त्यांवरील मुदत पाहावी आणि आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.